दोरावर मुतलेलं कुत्रं

त्या कुत्र्याला मी अजून माफ केलेलं नाही. तपकिरी, भलं थोरलं, गळ्यात लाल रुमाल बांधलेलं कुत्रं. जीभ बाहेर काढून जगावर प्रेम करत फिरत होतं. त्याच्या मालकिणीलाही मी माफ केलेलं नाही. तिसऱ्या एका व्यक्तीलाही नाही, पण तिच्याकडे मी शेवटी येईन, कारण तिच्याबद्दल बोलायची मला सवय नाही.

मला मुळात किळस फार. तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याचं काम करते आहे. रक्त, पू, उलटी, कशाचं काही वाटत नाही. पण बेसिनमध्ये कुणाचा केस दिसला, कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटलं, कुणी ताटात अर्धी पोळी टाकून उठलं, की मला तिथे उभं राहवत नाही. आई म्हणायची, ही पोरगी नाकाने कांदे सोलते. आता तसं कुणी तोंडावर म्हणत नाही, कारण आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि न्यू जर्सीतल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात मावशी आहे. मावशीला कोण काय म्हणणार!

कडे चढण्याचा नाद पुण्यात मेडिकलला असताना लागला. शनिवारी रात्री एस्टीने निघायचं आणि रविवारी सह्याद्रीतल्या काळ्या दगडावर बोटं सोलून घ्यायची. मग अमेरिका, रेसिडेन्सी, मुलं, आणि वीस वर्षं दोराला हात नाही. मुलं कॉलेजला गेली तेव्हा पुन्हा सुरू केलं. घरापासून दोन तास उत्तरेला, न्यू यॉर्क राज्यात एक लांबलचक कडा आहे. खडा न् खडा दिसणारा भरड दगड, नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखा. पूर्वी म्हणे इथून पिठाच्या गिरण्यांसाठी दगड काढत. चढणारे लोक अशा भरड दगडाला ग्रिट म्हणतात. पाय घट्ट धरतो, पण हाताची कातडी ठेवत नाही.

तिथे चढायची पद्धतही जुनी. खडकात आधीपासून ठोकलेले खिळे, कड्या काही नाहीत. पहिल्याने चढायचं, चढता चढता भेगांमध्ये आपल्या हाताने धातूच्या पाचरी अडकवायच्या, त्यांत दोर घालत वर जायचं. खालचा माणूस दोर सांभाळतो, त्याला बिले म्हणतात. मग वरच्याने दोर धरायचा आणि खालच्याने पाचरी काढत काढत यायचं. खडकावर मागे काही उरत नाही. मला हे फार आवडतं. माणसाने कुठेही गेलं तरी मागे घाण ठेवू नये, एवढंच माझं अध्यात्म.

तर माझी एक पंचवीस वर्षांपासूनची मैत्रीण आहे, दोन गल्ल्या सोडून राहते. तिची मुलगी चोवीस वर्षांची, इथेच जन्मलेली, नोकरी करणारी. दोन वर्षं एका जिममध्ये रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या खुंट्यांना लटकत होती. तिला मित्रमैत्रिणींबरोबर दोन आठवडे पश्चिमेकडच्या वाळवंटात खरे कडे चढायला जायचं होतं. पाचरींवाले. मैत्रिणीने ऐकलं आणि घरात सुतक पाळायला सुरुवात केली. जेवेना, बोलेना. चोवीस वर्षांची मुलगी आईची परवानगी मागते, हे माझ्या थिएटरमधल्या नर्सेसना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. पण मुलगी आईला रडवून जाणाऱ्यातली नव्हती. शेवटी मैत्रिणीने तोडगा काढला. त्यांच्याच डायनिंग टेबलवर, मी समोर बसलेली असताना ती म्हणाली, "मावशी तुला एक दिवस खऱ्या कड्यावर नेईल. ती हो म्हणाली तर जा. नाही म्हणाली तर विषय संपला."

मुलगी म्हणाली, "ओके. डील." आणि माझ्याकडे बघितलं. एखाद्या परीक्षकाकडे बघावं तसं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी सहाला मी तिला घ्यायला गेले. मैत्रिणीने दारात धपाट्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि गाडीत बसलेल्या मुलीला खिडकीतून बजावलं, "मावशी सांगेल ते मुकाट्याने ऐकायचं. उलट बोलायचं नाही. तुझं ते 'बट व्हाय, बट व्हाय' तिथे नको. मावशीला त्रास द्यायचा नाही, कळलं?"

"हो आई."

मला ते ऐकून समाधान झालं. आजकालच्या पोरांना असं कुणी सांगत नाही, असं काहीतरी मी म्हटलंही.

पार्किंगपासूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. तिथल्या प्लॅस्टिकच्या संडासाचं दार उघडलं आणि मिटलं. आतलं वर्णन करत नाही, तुम्ही जेवला असाल. चार पाच तरुण पोरं शेजारीच उभी राहून, त्याच वासात, अंड्याचे सँडविच खात होती. शी! पुढे पायवाटेवर दर पन्नास पावलांवर झाडाच्या मुळाशी एक एक छोटी काळी पिशवी, नीट गाठ मारून ठेवलेली. मुलीने विचारलं, "मावशी, व्हॉट आर दीज?"

"कुत्र्यांची शी. उचलतात, पिशवीत भरतात, सुंदर गाठ मारतात आणि तिथेच ठेवून जातात. परत जाताना नेऊ म्हणतात. नेतात कुठले डोंबल!"

ती हसली. मी नाही हसले. मी दोन पिशव्या उचलल्या, काठीच्या टोकाला लटकवल्या आणि चालत राहिले. असं मी दर वेळी करते, आणि करताना मनातल्या मनात साऱ्या न्यू यॉर्क राज्याला शिव्या घालते. मुलगी म्हणाली, "यू आर सो गुड, मावशी." मी म्हटलं, "गुड नाही. मला बघवत नाही एवढंच."

कड्याच्या पायथ्याशी पोचलो तर तिथे आधीच स्पीकर लावून दोन जण पडलेले. घामेजल्या हातांना लावायच्या खडूच्या भुकटीने दगड असा माखलेला की वाटावं कुणी पांढरा हात फिरवून गेलंय. मी आणखी पुढे गेले, एका कोपऱ्यात, जिथे एक सोपी, साठ सत्तर फुटांची, भेगेभेगेने जाणारी वाट आहे. नवख्या माणसाला नेहमी मी तिथेच नेते.

खाली बसून तिला पाचरी शिकवल्या. भेग कुठे अरुंद होते ते बघ, तिथे वरून सरकव, खाली ओढ, हलव, पुन्हा ओढ. मुलगी हुशार. दहा लावल्या, त्यातल्या आठ मी लावल्या असत्या तशा. हाताची ग्रिटने दोन ठिकाणी सालटं काढली होती, पण तोंडातून चकार शब्द नाही. मी कौतुक केलं नाही. कौतुकाने माणूस ढिला पडतो, हे आमचे सर्जरीचे सर म्हणायचे. ते स्वतः कसे होते ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, पण वाक्य मात्र मी उचललं.

तिचे प्रश्न थांबत नव्हते. जिममध्ये आम्ही असं करतो, जिममध्ये आधी तसं बोलतो. चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं तपासायचं, मोठ्याने बोलून. गाठ, बकल, दोर. "इकडे पण तसंच करतात ना, मावशी?"

चौथ्या वेळी 'जिम' ऐकलं आणि मी वैतागले. "हे बघ, जिमचं सगळं घरी ठेवून यायचं. बाहेर वेगळं असतं. इथे विचारायचं कमी आणि बघायचं जास्त. तू जन्मायच्या आधीपासून मी गाठी मारतेय."

"सॉरी मावशी."

"सॉरी नको. बघ."

तिने दोराचं तिच्याकडचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. मी तिची गाठ धरून खेचली, उलटीसुलटी करून बघितली. ठीक होती. मग मी माझी बांधायला घेतली. आठच्या आकड्यासारखी गाठ असते. आधी दोरात एक आठ मारायचा, मग मोकळं टोक कमरेच्या पट्ट्यातून, म्हणजे हार्नेसमधून, ओवायचं, आणि त्याच आठच्या वाटेने ते टोक परत फिरवून आणायचं. पहिला आठ मी मारला. टोक हार्नेसमधून ओवलं.

आणि तेवढ्यात ते कुत्रं आलं.

कुठून आलं कळलं नाही. खाली चटईवर माझा दोर नीट ढीग करून ठेवलेला, नवा कोरा, निळा. त्याच्या कडेला ते आलं, हुंगलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाय वर केला. मी किंचाळले. कुत्र्याने शेपटी हलवली आणि चालूच ठेवलं. मागून मालकीण आली, हातात कॉफीचा थर्मास, म्हणते कशी, "ओ माय गॉड, सॉरी! ही लाइक्स यू!" हसत हसत. हसत!

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. निम्मं इंग्रजीत होतं, निम्मं मराठीत, आणि मराठीतलं तिला कळलं नाही हे तिचं नशीब. तुमच्या कुत्र्याला साखळी नाही, तुम्हाला लाज नाही, या दोरावर उद्या कुणाचा जीव असणार आहे. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. 'इट्स जस्ट पी' असं काहीतरी पुटपुटून ती निघून गेली. मी माझी पाण्याची अख्खी बाटली त्या दोरावर ओतली. पिण्याचं पाणी! हाताला वास येत होता. सॅनिटायझर लावलं, पुन्हा लावलं. नाकात तो वास बसला तो बसलाच.  या देशात लोक आपला कुत्रा म्हणजे आपलं बाळ समजतात, आणि दुसऱ्याचा दोर म्हणजे खांब.

मुलगी बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. मी वळले तेव्हा ती माझ्या कमरेकडे बघत होती. तिने हात पुढे केला, जिममध्ये करतात तसा, माझ्या हार्नेसच्या दिशेने. मी तिचा हात बाजूला सारला.

"बिले तयार?"

"हो. मावशी, पण..."

"पण-बीण काही नाही. दोन मिनिटं कुणी माझ्याशी बोलू नका. मी निघाले."

आणि मी निघाले.

संतापात माणूस चांगला चढतो, निदान मला तसं वाटतं. पहिले वीस फूट मी अशी गेले की जणू खडकच त्या बाईचा होता. एक पाचर लावली, दोर घातला. दुसरी लावली. खालून आवाज आला, बारीक, "मावशी?"

"काय आहे? दोर जास्त घट्ट धरू नकोस, सोड थोडा!"

 दोर थोडा सुटला.

तीस पस्तीस फुटांवर त्या वाटेत एक पायरी आहे, दोन्ही पाय ठेवून उभं राहता येईल एवढी. तिथे मी थांबले. श्वास घेतला. आणि सवयीने, ज्या सवयीने मी प्रत्येक पेशंटच्या नळीला शेवटचा हात लावते त्या सवयीने, हात कमरेच्या गाठीकडे नेला.

गाठ नव्हती. म्हणजे अर्धी होती. दोरात एक सुटा आठ लोंबत होता, आणि टोक हार्नेसमधून नुसतं ओवलेलं, हातभर लांब. चढताना खालच्या दोराच्या वजनाने ते सरकत सरकत बाहेर येत होतं. आता वीतभर उरलं होतं. पडले असते तर दोर सुईतून दोरा निघावा तसा निघाला असता. खाली दगड. दगडाशेजारी ती.

 भीती नंतर वाटली. आधी वाटली ती किळस. आपली आपल्यालाच ओकारी यावी अशी. मी अख्खी सकाळ लोकांच्या पिशव्या मोजत आले होते, नीट गाठ मारून सोडून दिलेल्या. त्यांनी निदान गाठ पूर्ण मारली होती.

खडकाच्या भेगेत डावी मूठ कोंबली, उजव्या हाताने आणि दातांनी ते टोक परत फिरवलं. हो, दातांनी. कुत्र्याच्या वासासकट. त्या क्षणी मला त्याचं काहीही वाटलं नाही. गाठ पूर्ण केली, खेचली, पुन्हा खेचली. मग खाली बघितलं. मुलगी वर बघत होती. चेहरा पांढराफटक. तिने दोन्ही हातांनी दोर असा धरला होता की बोटांची पेरं एवढ्या लांबून दिसत होती. मला तेव्हाच कळलं की तिला माहीत आहे.

वर पोचले. तीन पाचरी लावल्या, एकत्र बांधल्या, त्यात स्वतःला अडकवलं, तिला वर घेतलं. ती हळूहळू आली, एकेक पाचर नीट काढत, कमरेला अडकवत. एकही खाली टाकली नाही, एकही विसरली नाही. माझ्याजवळ येऊन बसली. खाली झाडांचे शेंडे होते, स्पीकरचा धबधब आवाज होता.

मी विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"हो मावशी."

"कधी?"

"तुम्ही बॉटल ओतत होतात तेव्हा. खालीच." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आय थॉट, बाहेर वेगळं असतं. तुम्ही म्हणालात ना. मला वाटलं वर जाऊन काहीतरी करतात. मी विचारणार होते. दोनदा."

"मग मोठ्याने ओरडायचं ना, बये! खेचायचं मला! कानफटात मारायची!"

"तुम्ही म्हणालात बोलू नको." मग अगदी हळू, "आणि आई म्हणाली होती उलट बोलू नको. आणि तुम्हीच ठरवणार होतात ना. मला जायचं आहे, मावशी."

सांगते, मला तिचा राग आला. आधी तिचाच आला. शिकलेली, कमावती मुलगी, आणि समोर माणूस मरायला निघालाय हे दिसूनही गप्प! मग एकदम डोळ्यांसमोर माझंच थिएटर आलं. आमच्याकडे पहिला छेद घेण्याआधी सगळे थांबतात. पेशंटचं नाव, कुठली बाजू, काय करायचं, मोठ्याने म्हणतात. आणि कुणाला, अगदी काल लागलेल्या नर्सलाही, काही खटकलं तर तिने 'थांबा' म्हणायचं असतं आणि सर्जनने थांबायचं असतं. एका सर्जनने एकदा एका मुलीला झिडकारलं तर मी त्याला सगळ्यांसमोर धुतला होता. ते मी पार्ट्यांमध्ये चवीने सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. आणि दर शनिवारी आमच्या घरांमधून जी संस्कारी पोरं नमस्काराला वाकतात, त्यांनी माझ्यापुढे तोंड उघडलं की मला उद्धटपणा वाटतो.

मी तिला हे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मी नुसतं म्हटलं, "चल, उतरू."

धपाटे आम्ही गाडीत खाल्ले. परतीच्या वाटेवर तिने एकदाच विचारलं, "मग मी फेल?"

"बघू," मी म्हटलं.

बघू! किती सोयीचा शब्द आहे. त्या दोन तासांत मी काय बघत होते ते सांगते. खरं सांगितलं तर मैत्रीण पुन्हा कधी माझ्याकडे तसं बघणार नाही. आमच्या मंडळातल्या दहा घरांत बातमी जाईल, मावशी म्हातारी झाली. आणि शिवाय, मी स्वतःशीच म्हणत होते, मुलगीही चुकलीच ना. दिसूनही बोलली नाही. अशा मुलीला वाळवंटात कसं पाठवायचं? म्हणजे नाही म्हणण्यात खोटं काहीच नाही. हे सगळं मी स्वतःला इतक्या शिस्तीत पटवून दिलं की टोल नाका येईपर्यंत माझी खात्री पटली होती. आजही तो युक्तिवाद आठवला की तोंडाला कडू पाणी सुटतं.

मैत्रिणीने संध्याकाळी जेवायला थांबवलंच. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून मुद्दाम चक्का आणून श्रीखंड केलं होतं, पुऱ्या, बटाट्याची भाजी. मुलीचे बाबा वाढत होते. मैत्रीण माझ्यासमोर बसली, स्वतः काही न वाढून घेता. चार दिवसांची न झोपलेली दिसत होती.

"सांग ना गं. काय वाटतं तुला?"

मी पुरीचा तुकडा मोडला. "चढते छान," मी म्हटलं. "हुशार आहे. पण घाई नको. अजून थोडी कच्ची आहे. पुढच्या वर्षी बघू."

मैत्रिणीच्या खांद्यातला ताण असा उतरला की मला दिसला. "बघ," ती मुलीला म्हणाली, "मी म्हणत नव्हते? मावशीला कळतं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा, थेट. मी श्रीखंडाकडे बघितलं.

"मावशींनी गाठ अर्धी मारली होती," ती म्हणाली.

मराठीत. एवढं सरळ मराठी वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिचे बाबा भाजीचं भांडं हातात धरून उभे राहिले.

"काय?" मैत्रीण म्हणाली.

"कुत्रा आला, मग त्या भांडल्या, मग गाठ अर्धी राहिली. त्या तशाच वर गेल्या. मी बघितलं होतं आणि मी बोलले नाही. ती माझी चूक. आय नो इट. आता बोलते आहे."

"मावशीशी असं बोलतात?" मैत्रीण ओरडली. "दिवसभर तिने तुझ्यासाठी उन्हात... लाज वाटत नाही? सॉरी म्हण!"

माझी कानशिलं तापली. खरं सांगते, पहिलं काय वाटलं ते. कार्टी उद्धट निघाली, असं वाटलं. मैत्रीण माझी बाजू घेतेय तर घेऊ दे, असंही वाटलं. नुसतं गप्प बसले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मुलीने सॉरी म्हटलं असतं, मी मोठ्या मनाने 'असू दे गं' म्हटलं असतं. 'असू दे गं' जिभेवर आलंही होतं.

मुलगी सॉरी म्हणाली नाही. आईचा आवाज चढला, तिचे डोळे भरले, पण तिने वाक्य मागे घेतलं नाही. "आई, शी कुड हॅव डाइड," एवढंच म्हणाली. सकाळी कड्याखाली जे तिला जमलं नव्हतं ते ती माझ्यासमोर, आईसमोर, बाबांसमोर करत होती, आणि आपलं वाळवंट गेलं हे गृहीत धरून करत होती.

"ती खरं बोलतेय," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "माझी गाठ अर्धी होती. तिने दोनदा सांगायचा प्रयत्न केला, मी गप्प केलं. आणि आत्ता तुला मी जे सांगितलं ते माझं झाकायला सांगितलं. ती कच्ची नाहीये. तिने लावलेल्या पाचरी मी तपासल्या आहेत. अशी मुलगी मला बिलेवर मिळाली तर मी डोळे मिटून चढेन. तिला जाऊ दे."

 बाबांनी भांडं टेबलावर ठेवलं. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांत तिने माझ्याकडे अनेक प्रकारे बघितलं आहे, माझ्या बाळंतपणात, तिच्या सासूच्या आजारपणात. असं कधी बघितलं नव्हतं. वॉशबेसिनमध्ये कुणाचा केस दिसल्यावर मी जसं बघते, तसं.

"ठीक आहे," ती शेवटी मुलीला म्हणाली. "जा तू. त्या मुलांबरोबर जा." मग माझ्याकडे वळली. "तुझ्याबरोबर मात्र पुन्हा नाही पाठवणार."

मुलगी म्हणाली, "आई, प्लीज." मी तिला हाताने थांबवलं. त्यात उलट बोलण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या ताटात दीड पुरी आणि श्रीखंड उरलं होतं. उठून जावंसं वाटत होतं, पण ताटात टाकून उठलेलं मला चालत नाही. सगळ्यांसमोर बसून मी ते संपवलं, शेवटच्या घासापर्यंत.